कुत्र्याच्या पंजांना खाज सुटते तेव्हा : तपासणीपासून उपचारापर्यंत

रात्री दिवे मालवल्यावर पलंगाखालून येणारा तो एकसुरी चपचप आवाज कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांच्या परिचयाचा असतो. फिरून आल्यावर कुत्र्याने दोन-चार मिनिटे पंजे चाटणे स्वाभाविक आहे. परंतु तो झोपेतून उठून चाटू लागला, बोटांच्या बेचक्यांत दात घालून कुरतडू लागला आणि हाक मारूनही थांबेनासा झाला, तर त्याला खाज सुटली आहे किंवा तिथे काही दुखते आहे असेच धरून चालावे. फिकट रंगाच्या कुत्र्यांत आणखी एक खूण दिसते. बोटांमधले केस तांबूस-तपकिरी होतात. हा रंग रक्ताचा नसतो, लाळेतील पॉर्फिरिन या रंगद्रव्याचा असतो. तो चढला असेल तर चाटणे बरेच दिवस चालू आहे, आपल्या लक्षात उशिरा आले, एवढाच त्याचा अर्थ.

आमचा लॅब्रॅडॉर वाघ्या एका ऑक्टोबरात पुढचा उजवा पंजा चाटू लागला. दवाखान्यात अ‍ॅलर्जीचे निदान होऊन खाज कमी करणारी गोळी मिळाली. गोळी चालू असेपर्यंत चाटणे कमी होई आणि संपली की पुन्हा सुरू होई. तिसऱ्या आठवड्यात दोन बोटांमधली गाठ फुटली आणि पुवाबरोबर सुमारे दीड सेंटिमीटरचे कुसळ बाहेर आले. दोष एकट्या डॉक्टरांचा नव्हता. आम्ही रोज सकाळी वाळक्या गवताच्या टेकडीवर फिरायला जातो हे मी त्यांना सांगितलेच नव्हते, आणि तोवर एकदाही बेचकी उघडून उजेडात पाहिली नव्हती. म्हणून या लेखात मलमांच्या आधी पाहण्याला जागा दिली आहे, आणि ती थोडी जास्तच दिली आहे.

पहिली पायरी : पंजा उजेडात पाहणे

कुत्रा दमून पहुडलेला असताना ही तपासणी करावी. खाली पांढरा किंवा फिकट रंगाचा कपडा अंथरावा, म्हणजे गळून पडलेली गोचीड, माती वा रक्ताचा थेंब लगेच दिसतो. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण तो धरायला दुसरे माणूस असल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. चारही पंजे पाहावेत, आणि ज्याबद्दल तक्रार आहे तो शेवटी पाहावा. दुखरा पंजा आधी धरला तर उरलेले तीन कुत्रा हाती लागू देत नाही.

पंजा खालून तळहातावर घेऊन अंगठ्याने दोन बोटे हळूच विलग करावीत. निरोगी बेचकीतील त्वचा कोरडी आणि फिकट गुलाबी असते, किंवा कुत्र्याच्या मूळ रंगानुसार काळसर असते. ती लालबुंद, ओलसर, तेलकट, सुजलेली किंवा हत्तीच्या कातडीसारखी जाड झालेली दिसली तर तशी नोंद करावी. नखांच्या मुळाशी तपकिरी, मेणचट थर साचला असेल आणि पंजाला दिवसभर घातलेल्या ओल्या मोज्यासारखा आंबूस वास येत असेल, तर मॅलॅसेझिया या यीस्टची (एक प्रकारच्या सूक्ष्म बुरशीची) वाढ झाल्याचा संशय घ्यावा. पुवाने भरलेल्या पुळ्या जिवाणूंकडे बोट दाखवतात. एखादेच बारीक छिद्र असून त्यातून पाणी किंवा पू झिरपत असेल, तर आत काहीतरी रुतले असण्याची शक्यता मोठी असते.

पंजा उलटा करून गाद्याही पाहाव्यात. मोठ्या गादीच्या वर, बोटांच्या गाद्यांमध्ये एक खोलगट जागा असते. खडा, डांबराची गुठळी, केसांचा गुंता आणि गोचीड यांचे हे आवडते ठिकाण आहे. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूस, जमिनीला न टेकणाऱ्या अंगठ्याचे नख बहुतेक जण विसरतात. ते झिजत नाही, गोल वळते आणि कधी कधी मांसात शिरते. पुष्कळ कुत्र्यांचा पंजाचा त्रास केवळ हे नख कापल्याने संपलेला पाहिला आहे.

कुसळ वरवर अडकले असेल तर चिमट्याने ते आत गेले त्याच वाटेने मागे ओढून काढता येते. आत शिरलेले कुसळ मात्र घरी शोधू नये. त्याच्यावरचे बारीक केस मागे वळलेले असल्याने ते पुढेच सरकते, मागे येत नाही, आणि आपण कोरत बसलो तर तुकडा आतच राहतो. पावसाळा संपून डोंगरउतारावरचे कुसळी गवत वाळले की सह्याद्रीच्या पट्ट्यात हा त्रास वाढतो. त्या काळात रोज फिरून आल्यावर बेचक्या पाहण्याला पर्याय नाही.

गोचीड सापडली तर टोकदार चिमट्याने ती त्वचेला लागून, तोंडाजवळ पकडावी आणि न पिळता, एकसारख्या जोराने सरळ ओढावी. तिच्यावर रॉकेल ओतणे, उदबत्तीचा चटका देणे किंवा ती बोटांनी चिरडणे टाळावे. काढलेली गोचीड झाकणाच्या बाटलीत स्पिरिटमध्ये टाकावी.

दुसरी पायरी : किती पंजे, कोणता ऋतू, आणखी कुठे

डोळ्यांना जे दिसले त्याला तीन प्रश्नांची जोड दिली म्हणजे कारणांची यादी बरीच आखूड होते.

एकाच पंजाचा त्रास असेल तर आधी स्थानिक कारण शोधावे : कुसळ, काच, तुटलेले नख, गोचीड, गाठ किंवा त्याच पायाच्या सांध्यातील वेदना. सांधा दुखणारे वयस्क कुत्रे त्यावरची त्वचा चाटत राहते आणि आपण मात्र त्वचेचा रोग शोधत बसतो. दोन्ही पुढचे पंजे किंवा चारही पंजे खाजत असतील तर अ‍ॅलर्जी, यीस्ट, परजीवी अथवा जमिनीवरच्या एखाद्या द्रव्याचा संपर्क यांचा विचार करावा.

हवेतील परागकण, धूळमाइट (धुळीतले अतिसूक्ष्म किडे) आणि बुरशीचे बीजाणू यांच्या अ‍ॅलर्जीला अ‍ॅटोपी म्हणतात. ती सहसा सहा महिने ते तीन वर्षे या वयात सुरू होते, आणि पंजांबरोबर तोंडाभोवती, कानांत, काखेत व पोटाखाली खाज येते. आरंभी ती ठरावीक ऋतूत येते, पुढे काहींना वर्षभर राहते. कान वारंवार खराब होणारे आणि पंजे चाटणारे कुत्रे दिसले की अनुभवी डॉक्टर प्रथम अ‍ॅलर्जीबद्दलच विचारतात. खाण्याची अ‍ॅलर्जी कोणत्याही वयात सुरू होऊ शकते आणि ऋतू पाहत नाही. पिसवांमुळे होणारी खाज पाठीच्या मागच्या भागात व शेपटीच्या मुळाशी अधिक असते. कानांच्या कडा, कोपरे आणि घोट्यांवर खपल्या धरून कुत्रे बेभान खाजवत असेल, त्यातच घरातल्या माणसांच्या हातांवर पुरळ उठला असेल, तर खरजेच्या माइटचा संशय घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

डेमोडेक्स हा दुसरा माइट केसांच्या मुळाशी राहतो आणि माणसाला होत नाही. पंजांपुरता मर्यादित राहिलेला डेमोडेक्स फार चिवट असतो. बोटे सुजतात, केस गळतात आणि वरून जिवाणूंचा संसर्ग होतो. त्याला अ‍ॅलर्जी समजून स्टेरॉइड दिले तर तो भडकतो. तपासणीविना स्टेरॉइड सुरू करू नये, याचे एक मोठे कारण हेच.

लॅब्रॅडॉर, बुलडॉग यांसारख्या जड अंगाच्या आणि आखूड, राठ केसांच्या कुत्र्यांत आणखी एक प्रकार दिसतो. वजनामुळे पंजा पसरतो, बोटांमधल्या केसाळ त्वचेवर भार येतो, केस आत वळून वाढतात आणि बेचकीत वेदनादायक फोड उठतात. अशा कुत्र्याच्या उपचारात वजन उतरवणे हा भाग औषधाइतकाच महत्त्वाचा असतो, आणि घरातील आजी-आजोबांना ते पटवणे हा सर्वांत अवघड.

तिसरी पायरी : धुणे, आणि त्याहून अधिक काळजीने कोरडे करणे

उघडी जखम, पू किंवा मोठी सूज नसेल तर कारण शोधणे चालू असतानाच पुढील काळजी घरी सुरू करता येते.

फिरून आल्यावर प्रत्येक वेळी पंजे साध्या कोमट पाण्याने धुवावेत. त्यासाठी उथळ घमेले पुरते. त्यात एकेक पंजा बुडवून बोटांमध्ये आपली बोटे फिरवली की माती, परागकण आणि फरशीवरचे द्रव्य निघून जाते. माणसाचा साबण वा शॅम्पू वापरू नये. कुत्र्याच्या त्वचेची आम्लता आपल्यापेक्षा वेगळी असते आणि असा साबण ती कोरडी करतो.

यीस्ट वा जिवाणूंची चिन्हे दिसत असतील तर २ ते ४ टक्के क्लोरहेक्सिडीन असलेला, शक्य तर सोबत मायकोनॅझोल असलेला, कुत्र्यांसाठीचा शॅम्पू आठवड्यातून दोन-तीन वेळा वापरावा. येथे बहुतेकांची चूक होते ती वेळेची. फेस लावून लगेच धुतला तर औषधाचा उपयोग फारसा होत नाही. तो दहा मिनिटे त्वचेवर राहायला हवा. दहा मिनिटे घड्याळात पाहावीत, कारण ओल्या कुत्र्याला धरून बसलेल्या माणसाला तीन मिनिटेही दहा वाटतात. या वेळात बेचक्यांमध्ये व नखांच्या मुळाशी फेस हलक्या हाताने चोळत राहावे, कुत्र्याला चाटू देऊ नये आणि शेवटी फेसाचा अंशही उरणार नाही असे धुवावे. पूर्ण फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात.

शॅम्पू हाताशी नसेल तर पोव्हिडोन आयोडीन पाण्यात इतके पातळ करावे की रंग बिनदुधाच्या फिक्या चहासारखा दिसेल. त्यात पंजे तीन ते पाच मिनिटे बुडवून, टिपून कोरडे करावेत. हा तात्पुरता उपाय आहे आणि खोल जखमेसाठी नाही.

यानंतर येतो कोरडे करण्याचा भाग. ओल्या बेचकीत यीस्ट जोमाने वाढते, त्यामुळे धुऊन ओला ठेवलेला पंजा न धुतलेल्या पंजापेक्षा वाईट. टॉवेल पंजाभोवती नुसता गुंडाळून भागत नाही. प्रत्येक दोन बोटांमध्ये कापडाचा कोपरा घालून ओल टिपावी लागते. पावसाळ्यात जाड टर्किश टॉवेल स्वतःच दोन दिवस वाळत नाही आणि तोच दमट टॉवेल आपण पुन्हा वापरतो. जुने सुती पंचे या कामाला सर्वांत चांगले : पाणी चटकन शोषतात, पंख्याखाली तासा-दोन तासांत वाळतात, आणि चार-पाच असले की प्रत्येक फेरीला कोरडा हाताशी असतो. केस दाट असतील तर शेवटी ड्रायरची थंड हवा द्यावी. गाद्यांच्या मधले वाढलेले केस बोथट टोकाच्या कात्रीने गादीच्या पातळीपर्यंत कापावेत. मात्र बेचकीतले केस मुळापासून भादरू नयेत, कारण राठ खुंट उलटे त्वचेतच घुसतात.

चौथी पायरी : चाटणे थांबवणे

चाटल्याने त्वचा ओली राहते, ओलीमुळे संसर्ग होतो, संसर्गामुळे खाज वाढते. हे चक्र तोडल्याशिवाय कोणतेही औषध पुरते लागू पडत नाही. गळ्यात घालायचा प्लास्टिकचा कोन दिसायला केविलवाणा असला तरी सर्वांत खात्रीचा आहे. तो नाकाच्या टोकापलीकडे थोडा यायला हवा, नाहीतर पंजा तोंडापर्यंत पोचतोच. सुती मोजा घालायचा तर कुत्रा नजरेसमोर असतानाच घालावा. मोजा गिळून आतड्यात अडकल्याची प्रकरणे दवाखान्यांना नवी नाहीत. घट्ट पट्टी बांधून वर प्लास्टिकची पिशवी लावणे हा तर पंजा शिजवण्याचाच प्रकार होय.

पाचवी पायरी : काय लावू नये, काय देऊ नये

कुत्र्याच्या पंजाला लावलेली प्रत्येक वस्तू काही मिनिटांत त्याच्या पोटात जाते, या एका कसोटीवर घरगुती उपाय घासून पाहावेत. खोबरेल तेलात कापूर घालून लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. कापूर कुत्र्यांना विषारी आहे, आणि मॅलॅसेझिया स्निग्ध पदार्थांवर पोसले जाणारे यीस्ट असल्याने तेलाचा थर त्याच्या सोयीचाच होतो. टी ट्री ऑइल कुत्र्यांच्या मज्जासंस्थेवर परिणाम करते. गावाकडे खरजेवर गाडीचे जळके ऑइल लावतात. त्यातील विषारी घटक त्वचेतून आणि चाटण्यातून शरीरात जातात. पाण्यात टाकताच दुधाळ होणारे जंतुनाशक फिनॉलच्या वर्गातील असते, त्याने पंजे धुवू नयेत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि स्पिरिट भरत आलेली त्वचा पुन्हा सोलून काढतात.

औषधाच्या दुकानात गजकर्णावर म्हणून मिळणाऱ्या मिश्र मलमांबद्दल अधिक सावध असावे. त्यांपैकी अनेकांत क्लोबेटॅसॉल किंवा बीटामेथॅसोन हे तीव्र स्टेरॉइड असते. दोन दिवसांत लाली गेलेली पाहून आपण समाधान मानतो आणि खाली संसर्ग वा डेमोडेक्स वाढत राहतो. वेदनेसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वा पॅरासिटामॉल देणे जिवावर बेतू शकते. माणसांच्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या कुत्र्यांच्या खाजेवर फारशा उपयोगी पडत नाहीत, आणि सर्दीच्या मिश्रणांतील स्यूडोएफेड्रिन तर धोकादायकच असते.

सहावी पायरी : दवाखान्यात काय मागावे

लंगडणे, पू, रक्त, एकाच पंजाची वाढती सूज, तुटलेले नख, ताप, खाणे बंद होणे किंवा चार महिन्यांपेक्षा लहान पिल्लू, यांपैकी काही असेल तर थांबू नये. गोचीड आढळून गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत कुत्रे मलूल झाले, हिरड्या फिक्या पडल्या वा नाकातून रक्त आले, तर गोचीडतापासाठी रक्ततपासणी करून घ्यावी. बाकी प्रसंगी घरची काळजी आठवडाभर नीट घेऊनही थोडाही फरक नसेल तर भेट ठरवावी, आणि जाण्याआधी दोन दिवस औषधी शॅम्पू लावू नये, म्हणजे तपासणीत खरे चित्र दिसते.

दोन तपासण्या अवश्य मागाव्यात. पहिली, चिकटपट्टी वा काचपट्टी त्वचेवर दाबून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे; यात यीस्ट आणि जिवाणू तिथल्या तिथे दिसतात. दुसरी, त्वचा खरवडून माइट पाहणे. दोन्ही स्वस्त आहेत, थोड्या वेळात होतात आणि गर्दीच्या दवाखान्यात बहुधा याच वगळल्या जातात. नम्रपणे मागितल्या तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. त्या जिथे होत नसतील तिथल्या लोकांसाठी परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये हा चांगला मार्ग आहे. वारंवार उठणाऱ्या फोडांसाठी पुवाचे कल्चर (त्यातील जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून तपासणे) करून मगच प्रतिजैविक ठरवावे; खोल संसर्गात ते अनेक आठवडे द्यावे लागते आणि वरून बरे दिसले म्हणून मध्येच सोडल्यास तोच संसर्ग अधिक हट्टी होऊन परततो.

अ‍ॅलर्जीच्या खाजेसाठी ऑक्लासिटिनिब लवकर काम करते. सायक्लोस्पोरिनचा परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात. प्रेडनिसोलोन स्वस्त आणि गुणकारी आहे, परंतु त्याने तहान, लघवी व भूक वाढते, आणि बरेच दिवस दिलेले असल्यास ते एकाएकी बंद करता येत नाही. माइट आणि गोचिडींसाठी फ्लुरालेनर वा अ‍ॅफॉक्सोलेनर यांच्या गोळ्या असतात. कुत्र्याला फिट येत असतील तर हे डॉक्टरांना आधी सांगावे. गुरांसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन ओळखीच्या माणसाकडून टोचून घेण्याची पद्धत मात्र सोडून द्यावी. कोली आणि तिच्या जवळच्या जातींत एका जनुकीय दोषामुळे हे औषध मेंदूत पोचून कुत्रे दगावू शकते, आणि संकरित कुत्र्यात तो दोष आहे की नाही हे बाहेरून पाहून कळत नाही.

सातवी पायरी : आहाराची चाचणी

परजीवी आणि संसर्ग आटोक्यात आणूनही वर्षभर खाज राहत असेल तरच या पायरीकडे वळावे, कारण ती घरातल्या सर्वांची परीक्षा पाहते. खाण्याच्या अ‍ॅलर्जीत दोष बहुधा कुत्र्याने वर्षानुवर्षे खाल्लेल्या प्रथिनाचा असतो. आपल्याकडे ते म्हणजे चिकन, दूध, दही आणि पोळीतला गहू. किमान आठ आठवडे कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एकच प्रथिन आणि एकच पिष्टमय पदार्थ द्यायचा असतो. ज्याने कधी मासे खाल्ले नाहीत त्याला काटे काढलेला उकडलेला मासा आणि भात चालतो. रत्नागिरीच्या कुत्र्याला अर्थातच नाही. डॉक्टरांकडून विघटित (आधीच बारीक तुकड्यांत मोडलेल्या) प्रथिनांचे तयार खाद्यही मिळते, आणि पिल्लांसाठी तेच अधिक योग्य.

या आठ आठवड्यांत ग्लुकोजचे बिस्कीट, दुधात बुडवलेला पोळीचा तुकडा, दह्यात घालून दिलेली गोळी, चिकनच्या चवीची जंताची चघळगोळी, यांतले काहीही चालत नाही. एका तुकड्याने चाचणी बिघडू शकते आणि मोजणी पुन्हा आरंभापासून करावी लागते. खाज थांबली तर शेवटी जुने अन्न मुद्दाम परत द्यावे. दोन आठवड्यांच्या आत खाज परतली तरच निदान पक्के मानावे.

आठवी पायरी : फरशी, रस्ता आणि नोंदवही

फरशी पुसण्याच्या पाण्यात फिनाइल अंदाजाने ओतले जाते आणि कुत्रा त्याच ओल्या फरशीवरून चालतो. पंजे तळव्याकडून लाल होत असतील तर पंधरा दिवस नुसत्या पाण्याने फरशी पुसून पाहावी. हा सर्वांत स्वस्त प्रयोग आहे. कामाला येणाऱ्या ताईंना कारण नीट समजावून सांगितले म्हणजे तो पार पडतो. बांधकामाजवळचे ओले सिमेंट आणि चुना यांपासूनही कुत्र्याला दूर ठेवावे.

एप्रिल-मे महिन्यांत डांबरी रस्त्याचे तापमान ५० अंश सेल्सिअसच्या वर सहज जाते. हाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवता येत नसेल तर कुत्र्याला त्यावरून नेऊ नये. सकाळी सातच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर फिरवावे. गोचिडींसाठी केवळ कुत्र्याच्या अंगावर औषध पुरत नाही. तपकिरी गोचिडीची मादी कुत्र्यावरून उतरून भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे हजारो अंडी घालते, म्हणून तेथील फटी बुजवणे आणि अंथरुणे गरम पाण्यात धुणे हे औषधाबरोबरच चालावे.

नोंदीसाठी स्वयंपाकघरातली भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. रोजच्या चौकोनात खाजेला शून्य ते दहा यांपैकी एक अंक द्यावा, आणि शॅम्पू, नवे खाद्य, औषध, टेकडीवरची फेरी यांची एकेका अक्षराची खूण करावी. पंजे निवळल्यावर शॅम्पू आठवड्यातून एकदावर आणावा, कोरडे करणे मात्र पूर्वीसारखेच ठेवावे. आमच्या तीन वर्षांच्या दिनदर्शिकांत वाघ्याचे अंक दर वेळी पहिल्या मोठ्या पावसानंतर दहा-बारा दिवसांनी चढलेले दिसतात, त्यामुळे आता त्याचा शॅम्पू आणि वाळलेले पंचे मे महिन्याच्या अखेरीसच काढून ठेवलेले असतात.